एकोणीस वर्षांच्या तोडीचे एक वर्ष

कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा ‘ग्रोथ इन अ टाइम ऑफ डेट’ हा निबंध २०१० च्या मे महिन्यात ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला तेव्हा तो जेमतेम सहा पानांचा होता. वार्षिक अधिवेशनातले निबंध ज्या अंकात छापतात त्या अंकातला. म्हणजे नियतकालिकाच्या नेहमीच्या परीक्षणाच्या चाळणीतून न गेलेला. त्यात समीकरणे नव्हती, की कुठले नवे प्रतिमान नव्हते. वीस प्रगत देश घेतले, १९४६ ते २००९ ही वर्षे घेतली, दर वर्षी प्रत्येक देशाच्या सरकारी कर्जाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण काय हे पाहिले आणि त्यानुसार ते वर्ष चारपैकी एका कप्प्यात टाकले. तीस टक्क्यांच्या आत, तीस ते साठ, साठ ते नव्वद, आणि नव्वदच्या वर. मग प्रत्येक कप्प्यातल्या आर्थिक वाढीची सरासरी काढली. सांख्यिकीच्या पहिल्या वर्षाला जे शिकवतात ती ही गटवार सरासरी. त्यापलीकडे त्या निबंधात फारसे काही नाही, आणि म्हणूनच त्याचे वाचन मला महत्त्वाचे वाटते. मोठ्या यंत्रणेत लपलेली चूक समजून घ्यायला विशेषज्ञ लागतो. ही चूक समजून घ्यायला बेरीज-भागाकार पुरतो.

चार कप्प्यांची उत्तरे अशी आली: ४.१, २.८, २.८ आणि उणे ०.१. पहिले तीन आकडे सौम्यपणे उतरतात आणि चौथा एकदम जमिनीखाली जातो. स्तंभालेखात हे पाहिले की कुणाचीही नजर त्या शेवटच्या, रेषेच्या खाली लोंबणाऱ्या स्तंभावर खिळावी. नव्वद टक्के ही सीमा त्या चित्रातून जन्माला आली.

पुढे तिचा प्रवास वेगाने झाला. ब्रिटनमध्ये जॉर्ज ऑस्बॉर्न यांनी २०१० च्या फेब्रुवारीतच, निबंध मसुद्याच्या रूपात फिरत असताना, आपल्या एका गाजलेल्या व्याख्यानात नव्वद टक्क्यांच्या धोक्याचा हवाला दिला. काही महिन्यांत ते अर्थमंत्री झाले. अमेरिकेत पॉल रायन यांच्या अर्थसंकल्पीय दस्तऐवजात हा निबंध आधार म्हणून आला. युरोपीय आयोगाचे ऑली रेन यांनी २०१३ च्या फेब्रुवारीत युरोपच्या अर्थमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात हीच सीमा मांडली. खर्चकपातीचे धोरण या एका निबंधामुळे आले असे कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. ते धोरण ज्यांना हवे होते त्यांना ते आधीपासून हवे होते. पण ग्रीसमध्ये निवृत्तिवेतने कापली जात असताना, ब्रिटनमध्ये स्थानिक संस्थांची अनुदाने आटत असताना, ‘हे आमचे मत नाही, हा आकडा आहे’ असे म्हणण्याची सोय त्या चौथ्या स्तंभाने करून दिली, हे मात्र खरे.

२०१३ च्या एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट येथील तिघांनी त्या स्तंभाची चिरफाड केली. थॉमस हर्नडन हा तिथला संशोधक विद्यार्थी. छापील निबंधातले निष्कर्ष मूळ आकड्यांवरून पुन्हा काढून दाखवा, असा एका अभ्यासक्रमाचा गृहपाठ होता. त्याने हा निबंध निवडला आणि त्याला ती उत्तरे येईनात. मूळ लेखकांकडे मागणी केल्यावर त्यांनी आपली एक्सेलची फाइल पाठवली. (हे त्यांच्या श्रेयाचे, अनेक संशोधक पाठवत नाहीत.) मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन या आपल्या प्राध्यापकांसह हर्नडनने जी तपासणी लिहिली तिच्यात नव्वदच्या वरच्या गटाची सरासरी उणे ०.१ नव्हे, तर अधिक २.२ निघाली.

वर्तमानपत्रांनी यातून एकच गोष्ट उचलली: एक्सेलमधली चूक. सरासरीचे सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत जायला हवे होते, ते ४४ व्या ओळीवर थांबले आणि पाच देश गळाले, ही कथा सोपी, मजेदार आणि सांगायला सुटसुटीत. नोबेलच्या तोलाचे अर्थशास्त्रज्ञ आणि माउसचे एक अर्धवट ओढणे! गेली दहाबारा वर्षे हे प्रकरण ‘एक्सेलची चूक’ याच नावाने ओळखले जाते. ही ओळख चुकीची आहे, आणि त्यासाठी आकडे प्रत्यक्ष मांडून पाहायला हवेत.

नव्वदच्या वरच्या कप्प्यात राइनहार्ट-रोगॉफ यांच्या सूत्राने प्रत्यक्षात सात देश मोजले. ग्रीसची १९ वर्षे, सरासरी वाढ २.९. ब्रिटनची १९ वर्षे, २.४. जपानची ११ वर्षे, ०.७. इटलीची १० वर्षे, १.०. आयर्लंडची ७ वर्षे, २.४. अमेरिकेची ४ वर्षे, उणे २.०. आणि न्यूझीलंडचे १ वर्ष, उणे ७.९. या सात सरासऱ्यांची बेरीज उणे ०.५ होते. तिला सातने भागा. उणे ०.०७, म्हणजेच उणे ०.१. जगाला हादरवणारा चौथा स्तंभ तो हाच. वाचकाने पाकिटाच्या मागच्या बाजूला करून पाहावा, पाच मिनिटे लागतात.

आता ती प्रसिद्ध चूक दुरुस्त करू. गळालेले पाच देश म्हणजे वर्णानुक्रमाने पहिले पाच: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. त्यांतल्या चौघांच्या चौथ्या कप्प्यात त्या फाइलमध्ये काहीच नव्हते. हरवला तो एकटा बेल्जियम, त्याची २५ वर्षे आणि २.६ ची सरासरी. तो परत आणला की बेरीज २.१ होते, आठने भागल्यावर ०.३. थोडक्यात, ज्या चुकीवर एवढा हशा झाला तिने स्तंभ रेषेच्या वर जेमतेम आणला असता. वाढ खुंटते हा निष्कर्ष जवळजवळ तसाच राहिला असता.

याउलट सातांच्या यादीतून एकट्या न्यूझीलंडला बाजूला काढून पाहा. उरलेल्या सहांची सरासरी १.२ येते. एका देशाच्या एका वर्षाने १.२ चे उणे ०.१ केले. ते वर्ष १९५१. त्या वर्षी न्यूझीलंडच्या बंदरांवर १५१ दिवस संघर्ष चालला होता, देशाचा माल धक्क्यांवर अडकला होता. कर्जाचा आणि त्या वर्षीच्या घसरणीचा संबंध असलाच तर फार दूरचा. शिवाय तो आकडा मुळात उणे ७.६ आहे, फाइलमध्ये उतरवताना तो उणे ७.९ झाला, पण ही किरकोळ बाब. किरकोळ नाही ते हे, की न्यूझीलंडची नव्वदच्या वरची वर्षे एकूण पाच होती. १९४६ ते १९४९ या चार वर्षांत तिथली वाढ अनुक्रमे ७.७, ११.९, उणे ९.९ आणि १०.८ होती. ही चार वर्षे हिशेबातच नव्हती. ती धरली तर न्यूझीलंडची सरासरी २.६ होते. म्हणजे त्याच देशाचे त्याच कप्प्यातले उत्तर उणे ७.९ की अधिक २.६, हे चार ओळी आहेत की नाहीत यावर ठरले. ऑस्ट्रेलियाची आणि कॅनडाची युद्धोत्तर पाच-पाच वर्षेही अशीच बाहेर होती. त्या वेळी हे आकडे पूर्ण जमून तपासून झाले नव्हते, असा खुलासा लेखकांनी नंतर केला. खुलासा पटण्यासारखा आहे. निबंधात तो नव्हता हे पटण्यासारखे नाही.

इथे भाराचा प्रश्न येतो, आणि या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग मला तोच वाटतो.

एका शाळेत चाळीस मुलांच्या तुकडीची सरासरी ६० आणि दहा मुलांच्या तुकडीची ९० असेल, तर शाळेची सरासरी किती? दोन तुकड्यांची सरासरी ७५. पन्नास मुलांची सरासरी ६६. दोन्ही भागाकार बरोबर आहेत. पहिल्यात तुकडी हे एकक आहे, दुसऱ्यात मूल. शाळेची जाहिरात छापणारा कोणते घेईल हे सांगायला नको. राइनहार्ट-रोगॉफ यांनी देश हे एकक धरले. म्हणून ब्रिटनची १९ वर्षे आणि न्यूझीलंडचे एक वर्ष यांचे वजन समान झाले. १९४६ ते १९६४ असा ब्रिटनचा जवळजवळ दोन दशकांचा काळ, त्यातली पुनर्बांधणी, आरोग्यसेवेची उभारणी, घरबांधणी, हे सारे एका पारड्यात आणि वेलिंग्टनच्या धक्क्यावरचा संघर्ष दुसऱ्या पारड्यात. आणि काटा मधोमध.

लेखकांनी यावर दिलेले उत्तर टाकाऊ नाही. वर्षे मोजली तर दीर्घकाळ कर्जात असलेले ग्रीस-ब्रिटनसारखे दोन-तीन देशच सगळा निकाल ठरवतील, म्हणून देशांना समान भार दिला, असे ते म्हणाले. यात तथ्य आहे. ब्रिटनची १९ वर्षे ही एकोणीस स्वतंत्र घटना नाहीत. एका वर्षाची वाढ पुढच्या वर्षात झिरपते, कर्ज तर झिरपतेच. तेव्हा ॲम्हर्स्टच्या तिघांनी प्रत्येक वर्षाला एक मत दिले तेही निर्दोष म्हणता येणार नाही. त्यांच्या पद्धतीने ११० वर्षे, दहा देश आणि उत्तर २.२. पण या दोन पक्षांच्या भांडणात एक गोष्ट बाजूला पडली. सगळी वर्षे आत घेतली आणि तरीही राइनहार्ट-रोगॉफ यांचाच समान भार ठेवला, तर काय येते? बेल्जियम २.६, ऑस्ट्रेलिया ३.८, कॅनडा ३.०, न्यूझीलंड २.६ आणि बाकीचे सहा होते तसे. बेरीज १९.४, दहाने भागून १.९. दोन्ही पद्धती ०.३ च्या आत एकमेकींजवळ येतात. म्हणजे समान भार हा स्वतःहून गुन्हेगार नव्हता, आणि वगळलेली वर्षे एकटी असती तर तीही एवढी घातक ठरली नसती. न्यूझीलंडचे एकच वर्ष आत उरले आणि त्याला अख्ख्या देशाचा भार मिळाला, या संयोगाने घात केला. एकाच दोषावर बोट ठेवणाऱ्या बातमीत असे संयोग बसत नाहीत.

निबंधाच्या छापील पानावर याची खूण होती का? होती. आकृतीखालच्या टिपेत प्रत्येक गटातल्या नोंदींची संख्या दिलेली आहे: ४४३, ४४२, १९९ आणि शेवटच्या गटात ९६. नोंद म्हणजे एका देशाचे एक वर्ष, असेही तिथेच सांगितले आहे. ही टीप वाचणारा काय समजेल? नव्वदच्या वरचा स्तंभ ९६ आकड्यांची सरासरी आहे, असेच. प्रत्यक्षात तो सात आकड्यांची सरासरी आहे. शिवाय ९६ मध्ये बेल्जियमची २५ वर्षे धरलेली आहेत, जी सूत्रात नव्हती. सूत्रापर्यंत पोचलेली वर्षे ७१ च होती. टिपेतली संख्या एका हिशेबाची आणि वरचा स्तंभ दुसऱ्याच हिशेबाचा. माझ्या मते निबंधातला सर्वांत गंभीर दोष हा. सूत्र अर्धवट ओढले जाणे हा अपघात आहे. वाचकाला दिलेला ‘किती जणांवरून’ हा आकडा उत्तराशी न जुळणे हा लेखनातला दोष आहे, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरच्या माथी मारता येत नाही.

दुसरी खूण मध्यकाची. नव्वदच्या वर मध्यक वाढ सुमारे एका टक्क्याने घटते आणि सरासरी त्याहून कितीतरी जास्त घटते, असे लेखकांनी स्वतःच नोंदवले आहे. एकाच गटाचा मध्यक आणि सरासरी यांच्यात एवढी फारकत पडली की गटात कोणीतरी टोकाला बसला आहे हे कुणाही जाणकाराला कळते. त्याला शोधायचे आणि त्याची चौकशी करायची, ही पुढची पायरी. ती घेतली असती तर १९५१ सापडायला दहा मिनिटेही लागली नसती. दोन्ही आकडे छापले आणि चर्चेत मात्र मोठा, भयावह आकडा गेला. राजकारण्यांनी तो उचलला यात नवल नाही. आश्चर्य वाटते ते मधल्या तीन वर्षांत तो तसाच उद्धृत करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांचे.

आता साधनांविषयी. साधन निर्दोष असते, वापरणारा चुकतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ती अर्धीच पटते, कारण प्रत्येक साधनाचा एक स्वभाव असतो. सासमध्ये ‘प्रॉक मीन्स’ ही आज्ञा विशेष काही न सांगता चालवली तर सरासरीच्या आधी नोंदींची संख्या छापली जाते, नंतर प्रमाण विचलन, किमान, कमाल. स्टाटाची ‘समराइझ’ही संख्येपासूनच सुरुवात करते. म्हणजे तुम्ही न विचारताच ते सांगतात की हे उत्तर एकावरून आले की एकोणिसांवरून, आणि किमान आकडा उणे ७.६ आहे. आर ही भाषा वेगळ्या अर्थाने हट्टी आहे: यादीत एक जागा रिकामी असली तर ती सरासरी द्यायलाच नकार देते; रिकाम्या जागा गाळ, असे स्पष्ट लिहून द्यावे लागते. एक्सेलचे ‘ॲव्हरेज’ मात्र सोशिक. रिकामे घर, अक्षरे असलेले घर, सगळे मुकाट्याने ओलांडून ते एक नीटस आकडा देते. राइनहार्ट-रोगॉफ यांच्या तक्त्यात चौथ्या स्तंभातली बहुतेक घरे मोकळीच होती, कारण बहुतेक देश नव्वदच्या वर गेलेच नव्हते. अशा विरळ स्तंभात आणखी पाच घरे सुटली तर डोळ्यांना खटकावे कसे?

त्याहून खोलवरची गोष्ट तक्त्याच्या मांडणीची. देश ओळींत, कर्जाचे कप्पे स्तंभांत, अशी मांडणी एकदा केली की खालच्या घरात उभी सरासरी काढणे हात आपोआप करतो. आणि ती सरासरींची सरासरी असते. तीच माहिती ‘देश, वर्ष, कर्ज, वाढ’ अशी लांबलचक ठेवली, प्रत्येक वर्षाला एक ओळ, आणि सॉफ्टवेअरला कप्प्यानुसार सरासरी दे म्हटले, की प्रत्येक वर्षाला समान भार मिळतो. हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक आर वापरत होते, लांबलचक मांडणीत. दोन्ही पक्षांनी आपापल्या भाराचे समर्थन पुढे तत्त्वाने केले, आणि ते प्रामाणिक असेलही. तरी दोघांचेही तत्त्व त्यांच्या मांडणीला जे सोपे पडते त्याच्याशी तंतोतंत जुळले, याकडे दुर्लक्ष करणे मला जमत नाही.

सीमारेषा आणि सरासरी यांचे नाते आपल्याकडच्या शेतकऱ्याला पुस्तकाविना ठाऊक आहे. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत लागली की दुष्काळी सवलतींचा मार्ग मोकळा होतो, वर लागली की नाही. मग कोणते शेत पीक-कापणीसाठी निवडले, ओढ्याकाठचे की माळावरचे, आणि साऱ्या गावासाठी एकच आकडा का, यावर चावडीवर वाद रंगतो. तो वाद म्हणजे एकक कोणते आणि भार कुणाला, हाच वाद. ज्याच्या पोटावर आकडा येतो तो ‘किती शेतांवरून?’ हे पहिल्यांदा विचारतो. नव्वद टक्क्यांच्या सीमेला हा प्रश्न विचारायला तीन वर्षे आणि एक गृहपाठ लागला.

कर्ज आणि वाढ यांचा काहीच संबंध नाही, असे ॲम्हर्स्टच्या तपासणीतून निघत नाही. त्यांच्या आकड्यांतही उतार आहे: ४.२, ३.१, ३.२, २.२. राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी सूत्रातली चूक लगेच कबूल केली आणि आपल्या नंतरच्या, अधिक विस्तृत अभ्यासाकडे बोट दाखवले. २०१२ च्या त्या अभ्यासात नव्वदच्या वरच्या दीर्घ कालखंडांत वाढ साधारण १.२ टक्के-बिंदूंनी कमी दिसते. १.२ ची घट काही क्षुल्लक नव्हे, वर्षानुवर्षे साचली तर मोठीच. पण उतार असणे निराळे आणि कडा असणे निराळे. उतारावर किती खाली जायचे याची चर्चा होऊ शकते. कड्यावरून कुणी चर्चा करत नाही, फक्त मागे ओढतात. ॲम्हर्स्टच्या तिघांनी चौथा कप्पा फोडून पाहिला तेव्हा नव्वद ते एकशेवीसमध्ये वाढ २.४ होती आणि एकशेवीसच्या वर १.६. नव्वदला काही तुटलेले दिसत नाही. तीस, साठ, नव्वद या रेघा लेखकांनी सोयीसाठी आखल्या होत्या. चौथ्या स्तंभाने त्यांतल्या शेवटच्या रेघेला निसर्गनियमाचा चेहरा दिला.

आणि यातला कार्यकारणाचा प्रश्न तर या दोन्ही निबंधांच्या आवाक्याबाहेरच राहतो. कर्जाचे प्रमाण हा एक भागाकार आहे आणि राष्ट्रीय उत्पन्न त्याच्या छेदात बसलेले आहे. वाढ मंदावली की कर्जाचा एक रुपयाही न वाढता प्रमाण वर चढते. जपान आणि इटली त्या कप्प्यात कर्जामुळे मंदावून पोचले, की मंदावल्यामुळे पोचले? अमेरिकेची १९४६ ते १९४९ ही चार वर्षे तर उघडच युद्धाची शेपटी आहेत: लाखो सैनिक घरी परतले, युद्धसामग्रीचे कारखाने थांबले, उत्पन्न घसरले, आणि कर्ज युद्धाचेच होते. या चार वर्षांतून कर्जाविषयी काही शिकायचे असेल तर ते गटवार सरासरीने शिकता येणार नाही. ती त्यांना ग्रीसच्या १९९१ नंतरच्या वर्षांशेजारी, एकाच कप्प्यात, एकाच नावाखाली ठेवून देते.